गट नंबर दोनशे चौदा

माझा बाप तिरुचीत सोनं गाळायचा.
मी तिथल्याच शाळेत तमिळमधून पाढे म्हणत वाढलो.
गाव म्हणजे जत्रेचे चार दिवस
आणि सातबाऱ्यावरचा एक आकडा.

यंदा म्हटलं, आकड्याला नाव विचारू.
हिंदुराव अप्पा म्हणाले,
'वही आण, आन् गाडीत पेट्रोल घाल.'

मागच्या सीटवरून त्यांची काठी बोलत राहिली :
'ही चिंचणी. चिंच माझ्या आज्यानंच तोडली, नाव राह्यलं.
ती खारपड. तिथं जोंधळा बी तोंड वाकडं करून उगवायचा.
हे लग्नाचं टिकं, थोरल्या आत्तीच्या लग्नात गेलं,
परत काय आलं न्हाई.
पल्याड घोडेमरी.'
घोडा कुणाचा?
'ते घोड्याला ठावं.'

खाली येरळेचं पात्र, पाणी नाही, वाळूही निम्मीच.
वर योजनेचं पाणी पाइपातून उसाचा पत्ता विचारत आलेलं.
जिथं बाजरीवर गोफणी फिरायच्या
तिथं द्राक्षाच्या घडांना वर्तमानपत्राचे सदरे.
मी लिहीत गेलो. सत्तावीस नावं झाली.

ओढ्यालगतच्या पट्टीशी मात्र काठी गप्प.
'आणि हे?'
'त्याला नाव न्हाई. चल, ऊन झालं.'

भांगलणाऱ्या बायांतली एक उठली.
खुरप्याची माती अंगठ्यानं निपटली.
'हाय की नाव. हाडकी.
आमच्या चुलत सासऱ्याचं वतन.
भात्तरच्या दुष्काळात मिलोच्या दोन पोत्यांवर
अंगठा घेतला त्याचा.
कुणी घेतला, ते ह्यांस्नी इचारा.'

अप्पा ढेकूळ फोडत राहिले काठीच्या टोकानं,
एक फुटलं की दुसरं.

मी वहीतला नकाशा उलगडला.
ओढा. बांध. वाकडी बाभळ.
दोनशे चौदा.
उताऱ्यावर आज्याचं नाव कंसात,
बापाचं कंसात,
माझं मोकळं.
आज्याच्या वर कोरा कागद.

'तुमी कुणाचं?' तिनं विचारलं.
मी सांगितलं.
ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली,
मग खाली बसून हरळीची एक लांब मुळी ओढली,
तुटू न देता.

'तानुबाई केरू सोनवले,' ती म्हणाली,
'हे बी लिवा त्येच्या म्होरं.
आन् अक्षर नीट काढा.
माझी नात वाचती.'