कसर

दप्तरखान्यात माझं काम एवढंच:
कसर लागलेल्या पानाला जपानी कागदाचं अस्तर,
खळ पातळ, ब्रश हलका,
आणि वाचायचं नाही.
वाचत बसलं की हात थांबतो.

तरी सायलस ट्रिगवेल वाचला.

सन सतराशे एकाहत्तर, पावसाळा संपता संपता
कोटात, बझार गेटाजवळच्या एका गुत्त्यात वारला.
कारकुनानं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलंय.
धंदा: आधी खलाशी,
ते खोडून गाणारा,
तेही खोडून काहीच नाही.

मागे राहिलं ते असं.
सदरे दोन, पैकी एक फाटका.
बुटांचा जोड, टाचा नाहीत.
फिडल, तारा तीन.
स्वतः रचलेल्या गाण्यांचे कागद, एक शेर.

एक शेर!
म्हणजे कुणीतरी ती तराजूत टाकली,
दुसऱ्या पारड्यात वजन ठेवलं,
काटा मधोमध आला तेव्हा म्हणाला, हां, लिहा.

लिलावात एका वाण्यानं घेतली पाव रुपयाला.
मग कुठल्या कडव्यात किती मिरी बांधली गेली
ते आता कोण सांगणार.
पडसं झालेल्या कुणा बाईनं पुडी सोडली असेल:
मिरी खलात,
समुद्रावरचं प्रेम चुलीत.

एकच चिटोरं यादीला चिकटून राहिलं.
कसरीनं त्यातून आपली नागमोडी वाट काढली,
उरलं ते, माझ्या इंग्रजीला झेपतं तेवढं:
वारा पडला आहे, पोली, आणि मी घरी
पुढे भोक.
खालच्या ओळीत, जिथे यमक असणार,
तिथेही भोक.
येतोय की येणार नाही,
ते किड्याच्या पोटात गेलं.

घेणेकऱ्यांत सगळ्यात शेवटी
धर्मा बिन कान्हू, भंडारी, राहणार माहीम.
ताडीचे रुपये अकरा.
सहीच्या जागी त्यानं आऊत काढलंय,
माडाच्या शेंड्यावर चालतं तसं, बाकदार.
शेजारी कारकुनाचा शेरा:
पैशांऐवजी फिडल मागतो. दिलं.

काय करायचं होतं त्याला त्या लाकडाचं?
अकरा रुपयांत म्हैस आली असती,
बायको म्हणाली असेल.
भाषा तर दोघांना एकमेकांची येत नव्हती.
धर्मा मडकं उतरवायचा,
परत माहीम गाठायचं असायचं उजेडी,
तरी एक गाणं संपेपर्यंत
दारात उभा, कमरेचं आऊत हातानं धरून,
खणखणू नये म्हणून.

हे कुठे लिहिलेलं नाही.
हे मी अस्तराखाली घातलं.

साहेबांनी विचारलं, पावसकर, किती पानं झाली?
एक, म्हटलं.
त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.
भोकं बुजवायची नसतात, असा आमच्या खात्याचा नियम,
कडा तेवढ्या धरून ठेवायच्या.

साडेपाचला डबा पिशवीत टाकला,
पंखा बंद केला, खिडकी ओढून घेतली.
वारा पडला होता.