आठ अक्षरं

त्याच्या नावाला आठ अक्षरं लागायची
आणि पाठीवरचा आकडाही आठच.
व्ही, ए, एल, डी, ई, सी, आय, आर.
वाल्देसीर.
मी एकेक यंत्राखाली दाबून चिकटवलं,
दीडशे डिग्री, पंधरा सेकंद,
नेरुळच्या मैदानाखालच्या खोलीत,
जिथे, बाबा सांगायचे, आमचं खाजणातलं शेत होतं.

तो आला ऑगस्टमध्ये, छत्तीस वर्षांचा,
दोन बॅगा घेऊन. एकीत कपडे,
दुसरीत गुडघे.
म्हणजे पट्टे, मलमं, बर्फाच्या पिशव्या,
आणि एक्स-रेचे लिफाफे, प्रत्येकावर वेगळी लिपी.

एकदा धोब्याच्या पावतीमागे
त्याने सगळं काढून दाखवलं:
नदीकाठचं कामेता, मग बेलें,
मग पोर्तुगालमधलं एक गाव, सहा महिन्यांचा पगार तिथे अजून बाकी,
युक्रेनमधलं कोळशाचं शहर
(इथे त्याने तळहाताने टेबल पुसलं,
मैदानच उरलं नाही म्हणे),
सायप्रस, पुन्हा सायप्रस,
कोरिया, तिथे मुलगी झाली,
कतार, रात्री अकराला सराव,
बल्गेरिया. फक्त उलटा अंगठा.
पावती संपली, बाण संपला नाही.
नेरुळ त्याने माझ्या टेबलावरच लिहिलं.
अजून आहे. घासलं नाही मी.

आणि तू? असं त्याने हनुवटीने विचारलं.
मी म्हणालो, करावे.
आधी गाव, मग सिडकोचा नोड, मग सेक्टर,
मग साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी बावीस वर्षं खेपा.
जागचा हललो नाही
तरी पत्ता चार वेळा बदलला माझा.
हे कुठल्या भाषेत सांगायचं?
चार बोटं दाखवली.
त्याला वाटलं, चार मुलं.
मिठीच मारली त्याने.

मराठीतले तीन शब्द उचलले त्याने:
पाणी, बस, हळू.
हळू तो मैदानात घेऊन गेला.
आठवड्याभरात मिझो विंगर, गोव्याचा गोलकीपर,
पंजाबचा तो दांडगा बॅक,
सगळे एकमेकांवर ओरडताहेत, हळू! हळू!
पाहुणी टीम बावचळायची.

खेळच तसा त्याचा.
चेंडू पायाशी आला की बघायचा डावीकडे
आणि दिलेला असायचा उजवीकडे.
टाळ्या पडायच्या तेव्हा चेंडू दुसऱ्याचा,
हा वाकून नाडी बांधत.

एक पत्रकार त्याला सीवूड्सच्या खाडीवर घेऊन गेला,
मागे फ्लेमिंगो, पुढे हा.
मथळा दिला, प्रवासी पक्षी.
मला नाही पटलं.
फ्लेमिंगो परत येतात.

फेब्रुवारीत, एकाहत्तराव्या मिनिटाला,
फळ्यावर लाल आठ वर गेला.
धावत नाही, चालत आला,
शर्ट उतरवून माझ्या हातात दिला,
ओला, जड, नुकत्याच ओढलेल्या जाळ्यासारखा.
बस, म्हणाला.
पुरे म्हणाला की बसायला सांगितलं,
मला कळेना.
मी बसलो.

मॅनेजर म्हणतो माल्टाला गेला.
वॉचमन म्हणतो घरी.
क्लब काटकसरी आहे, जुनी अक्षरं सोलून ठेवायची,
पुन्हा चिकटत नाहीत म्हणतात,
आम्ही चिकटवतो.
जूनमध्ये बंगालचा नवा पोरगा आला, हलदार.
ए, एल, डी, आर त्याच्या पाठीवर गेली.
उरलेली चार बिस्किटांच्या डब्यात.

नात माझी इंग्रजी शाळेत जाते.
तिने ती ओळीने मांडली, व्ही, ई, सी, आय,
आणि बोट फिरवत वाचलं:
वेसी.
आमच्या आगरी घरात वेशीला वेसीच म्हणतात.
बरोबर वाचलंस, म्हटलं मी.
डब्याचं झाकण नीट बसत नाही.