सही तळाशी असते

काच विकत घ्यायला गेलो की
मी आधी ती उलटी करतो.
सही तळाशी असते. मग नखानं काठ चाचपायचा,
टवका उडालाय का, आत पाण्याची पांढरी रेघ बसलीय का,
आणि त्यानंतर घरातल्या माणसाकडे बघायचं.
तीस वर्षांत हा क्रम मोडलेला नाही.

नोव्हेंबर. दुपारी तीनलाच तळं काळं पडलेलं.
हिल्काच्या खिडकीत चार फुलदाण्या,
खोलीत उजेड म्हणावा तो तेवढाच.

पहिली धुरकट निळी, जड,
अंगभर झाडाच्या सालीसारख्या खरबरीत रेघा.
तळाशी त्या मोठ्या माणसाची सही, सालासकट.
मी आकडा सांगितला. तिनं मान हलवली,
जणू कुणी बटाट्यांचा भाव सांगितला.
दुसरी, तिसरी तशीच.

चौथी पुसट. रेघा विरलेल्या, पोट सुटलेलं.
"ही उशिराची," मी म्हणालो. "हिचे कमी येतील."
"शेवटची," ती म्हणाली. "हिच्यानंतर साचाच उरला नाही."
तिनं ती उलटी केली नाही.
आडवी धरली, आतले लाकडी चमचे मांडीवर ओतले
आणि माझा अंगठा धरून एका जागी टेकवला:
काहीतरी वाटोळं, खोलगट.

"गाठ आहे. अल्डरच्या ओंडक्यातली.
मुकादम म्हणाला, तासून टाक. अर्वोनं ठेवली."

अर्वो काच फुंकत नसे. कागदावर आकारही काढत नसे.
तो लाकडाचे साचे कोरायचा, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा.
सकाळी त्यात ते तांबडं, लिबलिबीत उतरायचं.
चर्र. वाफ.
छिन्नीची एकेक रेघ काचेला देऊन
लाकूड थोडं जळायचं.
दर खेपेला थोडं.

"पहिलीत बघा, गाठ लागतसुद्धा नाही हाताला.
बाकीचं लाकूड भराभर गेलं.
गाठ उशिरा जळते."

संध्याकाळी त्याच्या सदऱ्याला जळका वास यायचा.
"बेचाळीस वर्षं धुतला," ती म्हणाली, "गेला नाही."

एखादा साचा राहिलाय का कुठे?
मी विचारलं. धंद्याची सवय.
तिनं सौनाच्या चुलीकडे बोट केलं.
"छान पेटायचे. अर्धा कोळसा तर झालेलाच असायचा."

तीन फुलदाण्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या.
चौथीत चमचे परत गेले, एक एक,
मोठा पळा सगळ्यात शेवटी.

वहीत 'कर्ता' या रकान्यात
मी तेच मोठं नाव तीनदा लिहिलं.
खाली थोडी जागा होती.
पेन तिथेच थांबलं, म्हणून विचारलं,
आडनाव नेमकं कसं लिहायचं?

"किट्टिला," ती म्हणाली,
चष्मा पदरासारख्या त्या लोकरी शालीला पुसत.
"ट दोनदा."