हंस क्रमांक सात

तळं कुणी बांधलं ते पाटीवर होतं.
पाटी गंजल्यापासून कुणीच नाही.
माझ्या नेमणूकपत्रात मात्र स्पष्ट आहे:
कृत्रिम तलाव, नौकाविहार खिडकी,
हंगामी लिपिक, श्रीमती कुंजीर.
हंगामी होऊन नऊ वर्षं झाली.

खिडकीतून दिसतं तेवढंच माझं तळं:
बांध, अर्धी टेकडी, कात्रजकडं चढणारे ट्रक,
आणि सात हंस. फायबरचे.
दर दिवाळीआधी त्यांना पांढरा हात मारून
सोपान पोकळे डोळे काढतो, आपल्या मनाने,
त्यामुळे सगळे हंस
थोडे सोपानसारखेच बघतात,
उधारी मागायला आल्यासारखे.

एका हंसात चौघं. वीस मिनिटं.
प्रौढ चाळीस, मुलं वीस,
तीन फुटांखाली फुकट, म्हणून आया
पोरांना खिडकीपाशी गुडघ्यात वाकवतात.
मी बघत नाही.

सकाळी येतात रिसबूड. कानटोपी, दुर्बीण, वही.
ते पक्षी मोजतात, मी माणसं.
'आज हळदीकुंकू अकरा,' म्हणाले एकदा.
मी विचारलं, कुणाकडे?
ते हसले नाहीत. बदकाचं नाव आहे ते,
चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू.
वाकून पाहिलं तर खरंच,
अकरा सवाष्णी जलपर्णीच्या कडेकडेने निघालेल्या,
कुणाचं वाण न घेता.

रिसबूडांचा अर्ज दरवर्षी येतो: बोटी बंद करा,
पेडलच्या आवाजाने थापट्या उतरत नाहीत.
सोपान म्हणतो, नाही तर नाही,
माझा पगार तेवढा उतरू द्या खात्यावर.
अर्जावर शिक्का मीच मारते. आवक, दिनांक.
स्वतःच्या खुर्चीविरुद्ध मारताना
हात जरा हलका पडतो, एवढंच.

यंदा भाद्रपदात सातव्याची मान मोडली.
कॉलेजची पोरं, सेल्फी, दुसरं काय.
सोपानने त्याला ओढत नेऊन पाणकणसांत टेकवला.
मी रजिस्टरात लिहिलं: क्र. ७, नादुरुस्त.

पंधरा दिवसांनी सोपान खिडकीशी आला
आणि हळू बोलला.
सोपान हळू बोलत नाही.
'म्याडम, सातमध्ये सवारी आहे.'

टिबुकली. मुठीएवढी.
कुजकं शेवाळ, पानं, वेफर्सच्या पुडीची एक कड,
सगळं गोळा करून तिनं हंसाच्या पोटाशी
तरंगता ओला ढीग रचलेला,
आणि तो अडकवलेला त्याच पेडलला
ज्याच्या कुरकुरीवरून वर्षभर
लोक माझ्याशी भांडले.

त्या दुपारी सोपानने उरलेल्या सहांना ग्रीस लावलं.
पाणकणसांच्या अलीकडं दोरी बांधली,
लोकांना सांगितलं, तिकडं गाळ आहे, रुताल.
रिसबूडांनी त्याला दुर्बीण दिली.
त्यानं उलटी धरली. म्हणाला,
लई लांब गेली की.

अर्ज त्यांनी मागे घेतलेला नाही.
तो वर गेलाय. कधीतरी खाली येईल
आणि मी जन्म-मृत्यू विभागात, नाहीतर घरी.

काल गर्दी नव्हती.
ती दोरीपर्यंत आली,
पाठीवर पट्टेरी डोकी तीन,
पंखांतून नुसत्या चोची काढून बघणारी.
मध्येच तिनं बुडी मारली.
तिघं पाण्यावर विखुरली, एकच कालवा,
ती दहा हातांवर वर आली
आणि तिघं परत चढली, ढकलाढकली करत,
धक्क्यावर करतात अगदी तशी.

किती वेळ ते मी पाहिलं नाही.
शिट्टी सोपानच्या गळ्यात होती.

संध्याकाळी हिशोब जुळवताना
एक तिकीट जास्त फाडलेलं निघालं.
प्रौढ एक.
पर्समधून चाळीस रुपये घातले.
मुलं तिन्ही तीन फुटांखालचीच.