पेडलवर

तिसरा रविवार.
सकाळचे साडेसहा. उंटखान्यातल्या आमच्या गल्लीत
फियाटच्या मागच्या डाव्या चाकापाशी आवाज उठतो,
"दाब वं."
दाबते.
"धर."
धरते.
पेडल माझ्या चपलेखाली
ओल्या उशीवर पाय दिल्यासारखं
पार फळीला जाऊन टेकतं.
"काऊन सोडलं?"
सोडलं नाही जी, ते आपोआप गेलं.

सदुसष्टची गाडी. मामंजींची नाही, कुणाच्या वारशाची नाही.
भंडाऱ्याच्या एका डॉक्टरीणबाईनं विकली,
यांनी पीएफमधून घेतली,
मला सांगितलं आठ दिवसांनी.
रंग साय धरलेल्या थंड चहाचा,
तोही आता मडगार्डवर फोड येऊन सुटलाय,
कारण ब्रेक ऑइल सांडलं
आणि मी म्हटलं होतं पाणी टाका,
आणि हे म्हणाले, राहू दे.

क्रम मला पाठ आहे.
आधी मागचं डावं, सगळ्यात लांबचं.
मग मागचं उजवं, मग पुढचं डावं,
शेवटी माझ्या पायाजवळचं.
नळीचं एक टोक निपलवर, दुसरं लोणच्याच्या बरणीत,
बरणीत ऑइल, ऑइलमध्ये बुडबुडे.
तीन डबे संपले.
पहिल्या रविवारी मास्टर सिलिंडरचे वायसर बदलले,
दुसऱ्या रविवारी मागचे लायनर ड्रमला टेकवले,
रबरी पाइप तिन्ही नवे.
भराभर दोन पंप मारले तर पेडल वर येतं,
जरा थांबलं की पुन्हा खाली बसतं,
बोलावल्यावर येऊन बसणाऱ्या आणि काहीच न बोलणाऱ्या
पाहुण्यासारखं.

मोमिनपुऱ्याचे इसराईलभाई फोनवर म्हणाले,
"हवा है, भाऊ. हवा है तो निकलेगी, जाएगी किधर?"
हे तेवढंच घोकत राहिले,
जेवताना, आंघोळीचं पाणी काढताना,
जशी ती हवा यांची कुणी लागते.

दुपारी कूलरसमोर झोपले. तोंड उघडं, नखांत काळं.
मी अंगणात आले. लू सुटलेली,
पाना हातात धरवत नव्हता.
पदर खोचून पुढच्या चाकाशी गोणपाटावर बसले.
तीन रविवार मी या टोकाला होते,
त्या टोकाला काय होतं ते कधी पाहिलंच नव्हतं.
चाक काढलेलंच होतं.
पाइप वर. निपल खाली.
दुसऱ्या बाजूला गेले.
तिथंही पाइप वर, निपल खाली.

सत्तावीस वर्षं शिलाई मशीन चालवलंय मी.
धागा कुठं अडतो ते बोटाला कळतं.
तरी खात्रीसाठी पाण्याची बाटली आणली,
उलटी धरली.
बुडबुडा निवांत चढत बुडाशी जाऊन बसला.
दिवाळीत यांनी सिलिंडर साफ करून बसवले होते,
डावं उजवीकडे, उजवं डावीकडे.
हवा छपराशी बसलेली
आणि आम्ही दार उघडत होतो तळघराचं.

चहा देताना सांगितलं.
हे काही बोलले नाहीत.
बशीतला चहा निवून गेला, मग उठले, टॉर्च घेतला,
बाहेर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.
नुसते पान्यांचे आवाज.

आठ वाजता, अंधारात, मी पुन्हा सीटवर.
"दाबा."
मला वाटलं शेजारचं कुणी आलंय.
"दाबा जी."
बरणीत एक मोठा ढेकर निघाला,
मग नुसतं ऑइल, सरळ धारेनं.
पेडल अर्ध्यात थांबलं. हललं नाही.
माझी टाच दुखली.

मेडिकल चौकापर्यंत जाऊन आलो.
लायसन्स माझंही आहे, न वापरलेलं,
म्हणून चालवली मीच.
सिग्नल लाल झाला, गाडी सरळ रेषेत उभी राहिली,
कुठल्याच बाजूला न ओढता.
मागच्या ऑटोवाल्यानं उगाच हॉर्न दिला.
हे शेजारी बसले होते, समोर बघत,
आणि त्यांचा उजवा पाय
रिकाम्या फळीवर
जोर लावून काहीतरी दाबत होता.