तिसरं घर

फेब्रुवारीत तळं आतून कडी लावून बसतं.
उघडं असतं ते हाल्व्हरचं गॅरेज:
दार वीतभर वर, पंखा सुरू,
कारण शिशाचा धूर दिसत नाही
असं बोर्गिल्डने तिच्या शेवटच्या हिवाळ्यात
तीनदा बजावलं होतं.

टायरवाल्या मर्लकडची वजनं,
मिनेसोटाभर चाकांचा तोल सांभाळून दमलेली,
रस्त्याचं मीठ अजून अंगावर,
बिडाच्या भांड्यात घातली की आधी नुसती बसून राहतात.
मग एक खचतं.
दुसरं त्याच्यावर कलतं.
मग एकाएकी कुणीच कुणी उरत नाही.
लोखंडी क्लिपा तेवढ्या वर तरंगतात,
त्या पळीने काढायच्या,
मेणाचा खडा टाकून भडका होऊ द्यायचा,
राखाडी साय कडेला सारायची.

"टोपी काढून ये," गेल्या वर्षी तो नातीला म्हणाला,
"टोपीवरच्या बर्फाचा एक थेंब यात पडला
तर सगळं उसळून अंगावर येईल.
पाण्याशी वैर आहे याचं."
"मग पाण्यातच कशाला टाकायचं त्याला?" टोव्हे म्हणाली.
हाल्व्हरने साचा मेणबत्तीवर धरला.
काजळी चढेपर्यंत काही बोलला नाही,
नंतरही नाही.

पहिली ओत कधीच धड येत नाही.
साचा गार, शिसं वाटेतच थिजतं,
डोकी निघतात म्हाताऱ्याच्या मानेसारखी.
ती परत भांड्यात.
शिशाचं एवढं बरं,
चुकलेलं मुकाट परत घेतं.

चौथ्या ओतीपासून हात लागतो.
गळ घरात, साचा मिटला, पळी तिरकी,
चार मोजायचे, उघडायचं:
पाच घरं, पाच डोकी, देठासकट,
जुळ्यांहून जुळी.
फक्त तिसऱ्या घरात टवका आहे.
एक्याऐंशी साली साचा फरशीवर पडला,
तेव्हापासून तिथून निघणाऱ्या प्रत्येकाच्या
डाव्या गालावर खळी.
त्याने ती कधी लपवली नाही.
उलट वॉलाय मासा खळीवर भाळतो
असं सगळ्या धक्क्यावर सांगत फिरला,
आणि मूठ मूठ वाटली शेजाऱ्यांना
लग्नाच्या बुंदीसारखी.

ऑक्टोबरात लव्हाळ्यात लून सापडला.
पाठीवर चौकटी चौकटी, लाल डोळा उघडा,
मान पाण्यावर टाकलेली.
पक्ष्यांच्या डॉक्टर रेनाता झिलिन्स्की यांनी
दिव्यावर एक्स-रे धरला.
लून खडे गिळतो, पोटातल्या जात्यासाठी,
त्या करड्या खड्यांत
एक ठिपका फार पांढरा.
मग बशीत तो ठिपकाच आणून ठेवला.
झिजलेला, रंग उडालेला, गळ नाहीच.
पण डावा गाल.

"ओळखता का?" त्यांनी विचारलं.
त्या पक्ष्याबद्दल विचारत होत्या,
तळ्यावरच्या दोन जोड्यांपैकी हा कोणता.
हाल्व्हर म्हणाला, "हो."

या फेब्रुवारीत मर्लची वजनं
बाकाखाली डब्यात, झाकणावर टेप.
भांड्यात कथील आहे.
शिशाच्या कितीतरी पट महाग, वजनाला हलकं,
लवकर वितळतं, चमकतं जरा जास्तच,
कल्हईवाल्याच्या दुकानातून पळून आल्यासारखं.
खोल पाण्यात उशिरा उतरेल.
"उतरू दे उशिरा," तो स्वतःशीच म्हणतो.

टोव्हे टोपी न सांगता बाहेर ठेवून आली आहे.
साचा उलटून पालटून बघते,
नखाने तिसरं घर चाचपते.
"आजोबा, हे भरून घेऊ या ना.
मर्लकडे पुटी असते, उष्णतेची."

तो साचा तिच्या हातून घेतो.
"नको. कुठे सापडलंच,
तर कुणाचं ते कळायला हवं."

पहिली ओत. सुरकुत्याच.
ती परत भांड्यात घालताना
टोव्हे विचारते, कथिलाला पंखा लागतो का.
तो वर बघतो.
पंखा सुरूच ठेवतो.