शेवटचे नऊ महिने

"मामा, आधी पाणी नको. व्हिस्की चिडतो."
चिडते, मी म्हटलं.
बसवप्रभू हसला. तिच्या भावाचा मुलगा,
हुक्केरीचं सगळं घराणंच असं,
वस्तूंच्या नर-मादीत कायम गल्लत.
तीसुद्धा चाळीस वर्षं "चहा झाली" म्हणायची
आणि चहा व्हायची.

पेला हॉर्लिक्सबरोबर फुकट आलेला.
बाटली त्याने विमानतळावरून आणलेली,
कन्नड पेपरात गुंडाळून.

मी निपाणीच्या वखारीत एकतीस वर्षं नाक विकलं.
पान मुठीत चुरगाळायचं, श्वास घ्यायचा, सांगायचं:
हे अकोळकडच्या काळ्या रानातलं,
ह्याला दव कमी पडलं,
ह्यावर वजनासाठी पाणी मारलंय, परत पाठवा.
शेठ माझ्या नाकपुड्या बघून दर बोलायचे.

तर, आधी मनुका.
मग चिंचेच्या बरणीला चिकटलेला जुना गूळ.
मग, थांब जरा, पान.
माळ्यावर दुसरा पावसाळा काढलेलं,
कोरडं नाही, ओलं नाही, बोटांना चामड्यासारखं.
"ह्यात तंबाखू आहे."
"नाही मामा. नुसती बार्ली."
बार्लीत एवढं कुठलं?

मग त्याने सांगितलं:
बारा वर्षं एका पिंपात.
शेवटचे नऊ महिने दुसऱ्या,
ज्यात आधी शेरी होती, स्पेनची, काळी, गोड.
शेरी काढून घेतली तरी लाकूड तिला सोडत नाही.
"आणि तेवढ्यात रंग बदलतो?"
"तेवढ्यातच."

घोट जिभेखाली धरला.

बेळगावच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
तिची मराठी एकेक शब्दाने गेली.
आधी भाज्यांची नावं. मग नातवंडांची.
माझं तिने कधी घेतलंच नव्हतं, ते तेवढं राहिलं.
नीर कोडरी, म्हणायची. स्वल्प तडीरी.
माझी कन्नड बाजारातली, दर पाडण्यापुरती,
एष्टु आणि बेडा.
उशी सरळ करताना काय म्हणतात
ते शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने शिकवलं,
चुकलो की काठीने खाट वाजवायची.
डिसेंबर ते ऑगस्ट.
शेवटी शेवटी नर्स विचारायची,
अज्जा, तुमचं गाव हुक्केरीच ना?
मी हो म्हणायचो.

"आता दोन थेंब पाणी चालेल, वास उघडतो."
नीर कोड, निघून गेलं तोंडातून. स्वल्प.
त्याचा हात तांब्यावरच थांबला.
"मामा, तुमचा कन्नड लई चांगला झाला."

मी दुरुस्त करत नाही.
नाक पेल्यात आहे माझं.